गोळी घेतलीस का, हे सोडून

चहा आला तेव्हा प्रत्येक कप अर्धाच भरलेला होता. मला वाटलं, माणसं वाढली म्हणून पुरवून पुरवून ओततायत. पण किटली चांगली जड दिसत होती. शेजारी बसलेल्या ताईंनी माझी नजर ओळखली.

‘‘पूर्ण भरला की सांडतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गोळ्यांनी हात थरथरतात आमच्यातल्या काहींचे. एकदा सांडला की माणूस पुढच्या वेळी चहाच नको म्हणतो. म्हणून सगळ्यांनाच अर्धा. ज्याला हवा तो दोनदा घेतो.’’

या अंकासाठी संपादकांनी ‘सोबत’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रम, गिर्यारोहक, वारीतल्या दिंड्या असं बरंच काही येऊन गेलं. मग एका डॉक्टर मित्राने सुचवलं, ‘‘शनिवारी दुपारी स्वमदत गटात जाऊन बस. मी वीस वर्षं जे करू शकलो नाही ते तिथे होतं.’’ म्हणून पुण्यातल्या एका जुन्या शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेल्या वीसेक माणसांत मी येऊन बसलो होतो. फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच होता.

गटाचा नियम पहिल्या मिनिटालाच सांगितला गेला. नाव लिहायचं नाही, वही उघडायची नाही, इथलं इथेच ठेवायचं. पुढे जे लिहिलंय ते त्यांनी मला नंतर लिहायची मुभा दिली तेवढंच आहे, आणि माणूस ओळखू येईल असं सगळं मी गाळलं आहे.

ओळखी सुरू झाल्या. या गटात कोणी कोणाला ‘पेशंट’ म्हणत नाही. ज्याला आजार आहे तो शुभार्थी, जो त्याची काळजी घेतो तो शुभंकर. पुण्या-ठाण्याकडे मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांत हे शब्द आता चांगले रुळले आहेत. माझी पाळी आली. समोरच्या काकांनी सरळ विचारलं, ‘‘तुम्ही कोण? शुभार्थी की शुभंकर?’’

मी म्हणालो, लेख लिहायला आलोय.

‘‘ते ठीक. पण घरात कोणीच नाही?’’

मला मामा आठवला. आजोळी माडीवरच्या खोलीत राहायचा. पाहुणे आले की आजी म्हणायची, ‘त्याला जरा बरं नाहीये.’ चाळीस वर्षांच्या आजाराबद्दल आमच्या घरात बोललं गेलेलं ते एकमेव वाक्य. मी ‘शुभंकर’ म्हणालो आणि तोंडातून शब्द सुटताच लाजलो, कारण मामासाठी मी कधी काहीच केलं नव्हतं.

पंगतीत वाढायला उभं राहा

त्या दिवशीचा मुख्य विषय सिझोफ्रेनियाही नव्हता आणि बायपोलरही नव्हता. विषय होता एक लग्न.

पंचविशीतला एक मुलगा. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला त्याला आवाज ऐकू यायला लागले, दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, कॉलेज सुटलं. आता दीड वर्ष बरा आहे. पुढच्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न, आणि त्याला तिथे जायची धास्ती वाटतेय. गर्दीची नाही, एका प्रश्नाची: ‘सध्या काय करतोस?’

मी मनात उत्तरं जुळवायला लागलो. आत्मविश्वासाने सामोरं जा वगैरे. तिथे मात्र कोणी असलं काही बोललं नाही. एक जण म्हणाला, घरून काम करतो म्हणून सांग. दुसऱ्याने ते लगेच खोडलं. ‘‘मग कंपनी विचारतात, पॅकेज विचारतात. एका खोट्याला पुढे पाच लागतात, आणि आपलं डोकं आधीच दमलेलं असतं.’’ तिसरी म्हणाली, खरंच सांगून टाक. मुलगा खाली बघायला लागला. मग एक पन्नाशीच्या मावशी बोलल्या.

‘‘वाढायला उभा राहा. मी दहा वर्षं तेच करते. हातात ताट असलं की कोणी थांबवून चौकशी करत नाही. शिवाय घरचे म्हणतात, बघा, किती राबतोय. फक्त मठ्ठा घेऊ नकोस, हात हलतो. पापड-कुरडया घे.’’

वर्गात हसू पसरलं. मुलगाही हसला. त्याने खिशातून फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. बहुधा पापड-कुरडयाच.

हे सांगायला डॉक्टर कमी पडतात असं मला म्हणायचं नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्यात झोप कशी आहे, भूक कशी आहे, आवाज कमी झाले का, एवढं विचारून होतं. घरचे विचारतात, ‘गोळी घेतलीस का?’ दिवसातून तीनदा, मायेनेच, पण त्या प्रश्नाने माणूस पुन्हा पुन्हा पेशंट होतो. बाहेरचे विचारतात, सध्या काय करतोस. या तिन्ही प्रश्नांच्या मधला बराच दिवस कोणी विचारतच नाही. क्लोझापिनने रात्री लाळ गळते, सकाळी उशी ओली असते, आईला कसं सांगायचं? (उशीवर जुना पंचा टाक, स्वतःच धू.) ओलान्झापिनने रात्री अकराला अशी भूक लागते की डबेच्या डबे रिकामे होतात. (फुटाणे उशाशी ठेव, फरसाण घरात आणूच नका.) सकाळी नऊपर्यंत डोळे उघडत नाहीत आणि बाबा त्याला आळस म्हणतात. (संध्याकाळची गोळी किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचार, आणि बाबांनाच सोबत ने.)

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. गटात गोळ्यांबद्दल भरपूर बोललं जातं, पण डोस बदलायचा सल्ला कोणी कोणाला दिला की गट चालवणारे काका तिथेच थांबवतात. ‘‘डोस डॉक्टरांचा, दिवस आपला,’’ ते म्हणतात. हे दर शनिवारी बजावावं लागतं, कारण ‘मी सगळं बंद केलं, मला काही झालं नाही’ असं सांगणारा कोणीतरी अधूनमधून येतोच, आणि समदुःखी माणसाचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा खोल रुततो. जी ताकद तोच धोका.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही

समदुःखी माणसाची ही ताकद महाराष्ट्राने एका बाजूने फार आधी पाहिली आहे, फक्त तिला मानसिक आरोग्य म्हटलं नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. तरी तिथल्या समुपदेशकांत, कार्यकर्त्यांत एकेकाळी तिथेच उपचार घेतलेली माणसं मोठ्या संख्येने आली. ‘उद्यापासून सोडतो’ या वाक्यात किती पोकळी असते हे ज्याने ते वाक्य स्वतः शंभरदा म्हटलंय त्याला चटकन कळतं. त्याला फसवता येत नाही, आणि त्याच्यापुढे लाजही वाटत नाही.

त्यामागे आणखी जुना धागा आहे. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. तिथे डॉक्टरही होता, पण तो डॉक्टर म्हणून बसला नव्हता. आज आपल्याकडे ‘एए’ची मीटिंग कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे महापालिकेच्या शाळेत भरते. ‘मी अमुक, मी मद्यपी आहे’ असं मराठीत म्हणणारी माणसं आपल्या आसपास रोज संध्याकाळी जमतात.

दारूबाबत समाजाने हे मान्य केलं. वेडाबाबत केलं नाही. दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला वाट दाखवू शकतो हे पटतं, पण ज्याला भास होत होते त्याचं कोणी का ऐकावं, असा आपला हिशेब असतो. त्याच्या अनुभवाला आपण लक्षण म्हणतो, ज्ञान म्हणत नाही.

हा हिशेब नेदरलँड्समध्ये एका बाईने उलटवला. पॅट्सी हेग तिचं नाव. तिला आवाज ऐकू यायचे, आणि तिचे मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोमे त्या आवाजांबद्दल बोलायला तयार नव्हते. शिक्षणच तसं होतं त्यांचं. तिने पिच्छा सोडला नाही. १९८७ साली दोघं दूरचित्रवाणीवर आली आणि आवाज ऐकणाऱ्यांनी कळवा असं आवाहन केलं. सातशेच्या आसपास माणसांनी संपर्क साधला. त्यांतल्या कित्येकांनी कधी डॉक्टरांचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाजांशी आपापल्या परीने जमवून घेऊन ती जगत होती. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांचे गट जगभर पसरले. आवाज काय म्हणतो, कधी येतो, कोणाचा वाटतो, हे तिथे मोकळेपणाने विचारतात.

पुण्यात या सोबतीच्या कामाची मुळं घरातल्या माणसांनी रुजवली. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे, मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला सिझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ अनेकांनी पाहिला असेल. त्या चित्रपटामागेही वाणी होते. भार्गवी दावर यांनी आईचं आजारपण आणि तिच्या वाट्याला आलेली संस्थांची कोंडी लहानपणापासून पाहिली होती. त्यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ काढला आणि वस्त्यांमध्ये काम नेलं. रेश्मा वल्लियप्पन सिझोफ्रेनियाचं निदान उघडपणे सांगत पुण्यातूनच लिहीत-बोलत राहिल्या. त्यांचं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की मामालाही काहीतरी सांगायचं असेल.

कोरडी चपाती

एका शहरातल्या मनोरुग्णालयात काही काळ ‘पीअर सपोर्ट’चं, म्हणजे आजारातून गेलेल्याने दुसऱ्या रुग्णाला सोबत करण्याचं, काम केलेल्या बाई मला भेटल्या. नाव नको, शहर नको, एवढीच अट. त्या स्वतः कधीकाळी तशाच एका वॉर्डात दोन महिने होत्या.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वॉर्डात नव्याने आलेली एक मुलगी जेवत नव्हती. ताट समोर आलं की चपातीचा तुकडा तोंडात घ्यायची, चघळायची आणि काढून टाकायची. नर्सने लिहिलं, अन्नाला नकार. विष घातल्याचा संशय असेल, असंही कोणी म्हणालं. तसं असूही शकलं असतं. बाई तिच्याजवळ बसल्या, काही न विचारता स्वतःच्या ताटातली चपाती आमटीत कुस्करली आणि वाटी पुढे केली. मुलीने पूर्ण खाल्ली.

‘‘हात थरथरू नयेत म्हणून जी गोळी देतात ना, तिने तोंडाला कोरड पडते. लाळच सुटत नाही. कोरडी चपाती म्हणजे पुठ्ठा चावल्यासारखं होतं. मला माहीत होतं. माझंही तसंच झालं होतं, आणि माझ्या कागदावरही तेच लिहिलं होतं.’’

इथे ‘अनुभव’ या शब्दाचा अर्थ मला नीट कळला. दुःखाची गोष्ट सांगून टाळ्या मिळवणं हा त्याचा फार वरवरचा उपयोग. जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात एखाद्या शुभार्थीला शाल देऊन पाच मिनिटं बोलायला लावतात, आणि सगळे भारावून घरी जातात. चपाती कुस्करायला शाल लागत नाही. पण दुसऱ्याजवळ शांत बसण्याची रीत लागते, आणि ती शिकावी लागते.

बाईंना प्रशिक्षणात सर्वांत अवघड काय गेलं? ‘‘गप्प बसणं. समोरची रडायला लागली की माझी सगळी गोष्ट वर यायची. वाटायचं सांगून टाकावं, माझं तर याहून वाईट होतं. मग ती माझं सांत्वन करायला लागायची. आपली गोष्ट मिठासारखी घालायची असते, हे कळायला मला वर्ष गेलं.’’ दुसरी अवघड गोष्ट म्हणजे आपण तिची मैत्रीण नाही, नर्सही नाही, नातेवाईकही नाही, हे रोज सांभाळणं. तिने पैसे मागितले तर? पळून जायचा बेत सांगितला तर? बाहेर सांगायचं की नाही? यावर बसून, उदाहरणं घेऊन बोलावं लागतं, आणि पाठीशी कोणी जाणतं माणूस असावं लागतं. नुसतं आजारातून उठलेल्या माणसाला वॉर्डात सोडून दिलं तर त्याचंही नुकसान आणि रुग्णाचंही.

मग मी विचारलं, काम का सोडलंत. त्या थोडा वेळ थांबल्या.

‘‘वॉर्डाची किल्ली. सगळ्या स्टाफकडे होती, मला दिली नाही. आत जायचं तर कोणाला तरी बोलवायचं, बाहेर यायचं तर दार वाजवायचं. मी पेशंट असताना जसं दार वाजवत होते तसंच.’’ मानधनही तीन-तीन महिने रखडायचं, पण ते त्यांनी नंतर, उभं राहताना सांगितलं.

मी ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे वेगवेगळ्या शब्दांत हेच ऐकलं. अनुभवी माणूस सगळ्यांना हवा असतो. बहुतेकदा फुकट, नाहीतर मानधनावर, आणि निर्णयाच्या बैठकीत तर नकोच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हे रीतसर पगारी पद आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ साली या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. आपल्याजवळ गुजरातचं उदाहरण आहे. तिथे २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ पद्धतीने सरकारी मनोरुग्णसेवेत काम झालं, रुग्णांचे हक्क जपले जातात का हे तपासलं गेलं, आणि आजारातून गेलेल्या माणसांना इतरांच्या सोबतीसाठी तयार करण्यात आलं. त्यामागे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतला डॉ. सौमित्र पाठारे यांचा गट होता. पुढे जर्मनी, युगांडा, टांझानिया, इस्रायल आणि भारत यांनी मिळून ‘अपसाइड्स’ नावाचा मोठा अभ्यास केला, त्यातही पुण्याचा हा गट होता.

उपयोग होतो का?

प्रामाणिक उत्तर आहे, होतो, पण सगळ्याला नाही. इंग्लंडमध्ये संकटकाळच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या ४४१ जणांचा अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांना अनुभवी सोबती आणि स्वतःची काळजी घ्यायची वही मिळाली, त्यांच्यातले २९ टक्के वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांना आले. नुसती वही टपालाने मिळालेल्यांतले ३८ टक्के. चार वर्षांनी त्याच देशात ५९० जणांवर दुसरा अभ्यास झाला, रुग्णालयातून घरी जातानाच्या सोबतीचा. त्यात पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण काही घटलं नाही. सोबत नेमकी कशाची, कधी, किती, यावर बरंच ठरतं. आणि लग्नात वाढायला उभं राहण्याचं धैर्य कोणत्या तक्त्यात मोजायचं, हे अजून कोणाला नीट जमलेलं नाही.

‘सोबती’ कोणाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. गोव्यात गरोदरपणात उदास झालेल्या बायकांजवळ त्यांच्याच वस्तीतल्या, लेकुरवाळ्या बायका ‘सखी’ म्हणून जात. २८० बायकांच्या त्या अभ्यासात फायदा माफक दिसला, पण दिसला. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू झालेला ‘आत्मीयता’ प्रकल्प पुढे गुजरातेत मेहसाण्याच्या सहाशेहून अधिक गावांत पोचला. गावातलीच विश्वासाची माणसं निवडायची, त्यांना ऐकायला शिकवायचं, आणि जिथे लागेल तिथे दवाखान्याची किंवा सरकारी योजनेची वाट दाखवायची. मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, त्यात दारू, कर्ज, नवराबायकोची भांडणं. हे सगळं मोलाचं आहे. तरी ‘मी गावातली आहे’ आणि ‘मी त्या वॉर्डात होते’ यांत फरक आहे, आणि तो पुसला तर चपातीची गोष्ट हरवते. एकीकडे स्वस्तात काम होतंय म्हणून शेजाऱ्याला शिकवायचं आणि शुभार्थीला पुन्हा रांगेतच उभं ठेवायचं, असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. आजार कोणता त्यावर आकडा बदलतो. एवढी दरी नुसत्या डॉक्टरांनी भरणार नाही हे उघड आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निदान खुर्ची मांडली आहे. राज्याच्या प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा त्यातून गेलेल्या दोघांना आणि काळजी घेणाऱ्या दोघांना स्थान आहे. जिल्ह्याच्या पुनरावलोकन मंडळावरही अशा माणसांना बसता येतं, न्यायाधीशांच्या शेजारी. आणि आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, हे बरं असतानाच लिहून ठेवायचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे.

पुन्हा शनिवार

या हक्काचा घरगुती अवतार मला दुसऱ्या भेटीत दिसला. गट चालवणारे काका आले नव्हते. त्यांच्याच अक्षरातला एक कागद सगळ्यांना माहीत होता: तीन रात्री झोप झाली नाही, मी वहीत आकडेमोड करायला लागलो, सगळ्यांना पहाटे फोन करायला लागलो, तर माझ्याशी वाद घालू नका. बायकोला आणि डॉक्टरांना कळवा. मला पैसे देऊ नका, माझ्याकडून घेऊही नका. खाली सही, तारीख.

मंगळवारी पहाटे चारला त्यांचा फोन तिघांना आला होता. तिघांनीही कागदावर होतं तेवढंच केलं. काका दवाखान्यात होते, झोपत होते.

‘‘परत आले की गट चालवतील?’’ मी विचारलं.

‘‘आधी येऊन बसतील,’’ अर्ध्या कपाच्या ताई म्हणाल्या. ‘‘मागच्या वेळी दोन महिने नुसते बसले होते.’’ त्या दिवशी गट चालवायचं काम त्यांच्याकडे होतं.

लग्न पार पाडून आलेला मुलगा उशिरा पोचला. काही बोलला नाही, मावशींच्या समोर कागदात बांधलेले चार बुंदीचे लाडू ठेवले. मावशींनी त्यातला एक मोडून अर्धा त्याला दिला.

तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात फाइल, पायात घाईत घातलेल्या दोन वेगळ्या चपला. मुलगा बावीस वर्षांचा, तीन महिने खोलीबाहेर येत नाही, कोणाशी बोलत नाही. कोणीतरी पत्ता दिला म्हणून आल्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘‘तो पहिल्यासारखा होईल ना हो?’’

कोणी हो म्हटलं नाही. मावशींनी त्यांना बाकावर सरकून जागा केली.

‘‘काही खातो का? ताट दारात ठेवलं तर?’’

‘‘रात्री. आम्ही झोपल्यावर.’’

‘‘मग आज ताटाशेजारी तांब्या ठेवा. झाकून. आणि दार वाजवू नका.’’ मावशींनी पर्समधून पेन काढलं. ‘‘नंबर लिहून घ्या. दुपारी दोनच्या आधी नको, तोवर माझी झोप असते. उद्या सांगा, पाणी प्यायला का ते.’’